नवस फिटल्यावर

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. हळू बोललेलं ऐकूच जात नसे. बुरहानपूरच्या लोधीपुऱ्यात आमच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमचं शेड होतं आणि सकाळी वीज आली की त्याची खटखट सुरू व्हायची, ती वीज जाईपर्यंत. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं, फळीवरचे डबे एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि आई चुलीपाशी बसून ओरडून विचारायची, भाकरी आत्ता टाकू की तुझं भाषण आटोपल्यावर. वीज गेली की सगळं एकदम थांबायचं, पण आमचे आवाज मात्र तेवढ्याच पट्टीत चालू राहायचे. मग अख्ख्या गल्लीला कळायचं की आज यांच्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा आहे, आणि बापलेकीचं परत कशावरून तरी वाजलंय. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणोत. ज्या घरात मीठ मागायलासुद्धा घसा ताणावा लागतो तिथे वाढलेल्या मुलीकडून कुजबुजीची अपेक्षा करू नये.

कॉलेजात मी एका विद्यार्थी संघटनेत होते. पर्चे, म्हणजे वाटायची पत्रकं, लिहायचं काम माझ्याकडे. पर्चा कसा लिहायचा ते तिथे शिकवलं होतं: आधी अन्याय, मग तो कोण करतंय ते, मग आपली मागणी, आणि शेवटी माणसं पेटून उठतील असं एखादं वाक्य. या साच्यात मी नळाचं पाणी बसवलं, बंद पडलेली वसतिगृहं बसवली, बसभाडं बसवलं. आता तिशी ओलांडली तरी मी तेच करते, आणि त्याची मला लाज नाही. पण कॉलेज संपलं त्या वर्षी संघटना विस्कटली. निम्मे इंदूरला नोकरीला गेले, उरलेल्यांची लग्नं झाली. मी घरात बसून सगळ्यांशी भांडायला लागले. तेव्हा आईच एक दिवस म्हणाली, "तुले दुनिया सुधारायची ना? मंग त्या रमेशभाऊंकडे जा. तठी पोरं बिमार हायेत. त्यांना घोषणा नको, गाडीत कोणी धरून बसणारं पाहिजे."

रमेशभाऊ म्हणजे कापडाच्या घाऊक दुकानातून मोकळे झालेले गृहस्थ. गंभीर आजारी मुलांसाठी त्यांनी एक संस्था काढली होती. कुणाला रक्ताचा कॅन्सर, कुणाला सतत रक्त चढवावं लागायचं. आमच्या गावात या मुलांचा इलाज नव्हता, म्हणून संस्थेची गाडी ठरलेल्या दिवशी मुलांना आणि त्यांच्या आयांना घेऊन इंदूरच्या मोठ्या इस्पितळात जायची. पहाटे निघायचं, असीरगडाच्या घाटात पहिली उलटी, खंडव्याला चहा, पुढे दुसऱ्या घाटात उरलेल्यांच्या उलट्या. माझं काम पिशव्या धरायचं, ओल्या रुमालाने तोंडं पुसायचं, लिंबू हुंगायला द्यायचं आणि इस्पितळात पोचलो की रांगेत उभं राहून कंपाउंडरशी भांडायचं. हे शेवटचं मला छान जमायचं. गाडीला एक वास होता. पुऱ्या, लसणाची चटणी, केळीचे वेफर्स, डेटॉल आणि उलटी. अजूनही कुठे लसूण आणि डेटॉल एकत्र आले की मला घाट दिसतो.

तेजल या गाडीची कंडक्टर होती. तिला कुणी नेमलं नव्हतं, तिने स्वतःच पद घेतलं होतं. दापोरा गावची, आठेक वर्षांची, डोक्यावर भावाची क्रिकेटची टोपी, कारण रक्ताच्या कॅन्सरवरच्या सुयांनी केस सगळे गेले होते. खंडवा आलं की ही उभी राहून ओरडायची, "खंडवा, खंडवा, उतरा लवकर, बाकीचं भाडं दीदी देईल." आमचा ड्रायव्हर टकला होता. पहिल्याच दिवशी तिने त्याला नीट न्याहाळलं आणि काळजीने विचारलं, "काका, तुमची बी सुई सुरू हाये का?" गाडीतल्या आया इतक्या हसल्या की एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचं होतं की कसलं ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. खिडकीची जागा तिची. तिथे दुसरं कुणी बसलं तर ती तिकीट तपासायची.

तिच्यासोबत आई यायची, संगीता वहिनी. पदर कपाळापर्यंत, बोलणं कमी, हातात सतत काहीतरी निवडायला किंवा सोलायला. वडील प्रल्हादभाऊ अधूनमधून दोघींना मोटारसायकलवर बसस्टँडला, आमच्या गाडीपर्यंत, सोडायला यायचे. हे घर गरीब नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. केळीचा चांगला बाग, स्वतःचा ट्रॅक्टर, पक्कं घर. माझ्या पर्च्यांत या घराला जागाच नव्हती. त्यांच्यावर अन्याय कोण करत होतं ते मला नीट सांगता आलं नसतं, आणि मागणी कुणाकडे करायची तेही नाही. घरात शब्द चालायचा तो आबांचा, म्हणजे तेजलच्या आजोबांचा. पोर पहिल्यांदा बेशुद्ध पडली त्या दिवशी आबांनी गावाबाहेरच्या देवीला नवस बोलला होता: नात बरी होऊ दे, तिच्या भारोभार केळी वाहीन.

आणि पोर बरी दिसायला लागली. इंदूरला महिनोन्‌महिने सलाइनी, सुया, पाठीच्या कण्यातून इंजेक्शनं असं सगळं सोसून झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता भरती करायची गरज नाही, आता घरीच गोळ्या. रोजची एक, आठवड्याची वेगळी, मधूनमधून गाल फुगवणाऱ्या, आणि दर महिन्याला येऊन रक्ततपासणी. हे असं वर्षावर चालेल. डॉक्टरांनी हे सांगितलं, मी स्वतः ऐकलं. पण कसं सांगितलं? कॉरिडॉरमध्ये, उभ्या उभ्या, हिंदीत, पुढच्या मुलाचे कागद चाळता चाळता. प्रल्हादभाऊंनी त्यातलं "अब भर्ती की ज़रूरत नहीं" तेवढं उचललं आणि घरी नेलं. त्यांच्या जागी कुणीही तेवढंच नेलं असतं. जे ऐकण्यासाठी माणूस वर्षभर देवाला हात जोडतो ते ऐकल्यावर त्याचे कान पुढचं घेत नाहीत.

त्यात आमच्या संस्थेचा दरवर्षीचा उत्सव आला. रमेशभाऊंना मंच, हार, माइक यांचं भारी वेड. ज्या मुलांचं इस्पितळातलं राहणं संपलंय त्यांना साफा बांधून मंचावर बसवायचं, गळ्यात पदक घालायचं, पाहुण्यांच्या हातून मिठाई. तेजलला मधोमध बसवलं, कारण तिचे गाल सगळ्यांत भरलेले होते. मागे तिचा हातभर फोटो. पाहुणे माइकवरून म्हणाले, इस बिटिया ने बीमारी को हरा दिया है, आणि टाळ्या वाजल्या. मी सतरंज्या उचलत होते आणि माइकवाल्याशी वाद घालत होते. आबा पहिल्या रांगेत, पांढरं धोतर, हात जोडलेले. आज मला त्या मंचाचा जो राग येतो तो सांगायला पानं पुरणार नाहीत. डॉक्टरने एक वाक्य हळू आवाजात म्हटलं होतं आणि आम्ही त्याच्या उलटं वाक्य लाउडस्पीकरवरून म्हटलं. माणसं कुठलं ऐकतील?

मग दापोऱ्याला नवस फेडायचा ठरला. संस्थेच्या सगळ्यांना आमंत्रण. देवीच्या पारासमोर कडुलिंबाच्या फांदीला शाहपूरच्या बाजारातून आणलेला मोठा तराजू टांगला होता. आता केळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजतात, पण आबा म्हणाले, देवीचं देणं बटनाच्या काट्यावर तोलत नसतात. एका पारड्यात गोधडी घालून तेजलला बसवलं. अंगात नवा लाल फ्रॉक, डोक्यावर टोपी नाही, कारण आता बोटभर केस आले होते आणि ते दाखवायचे होते. दुसऱ्या पारड्यात हिरवेगार घड चढायला लागले. पारडं हलेना तसे पुरुष अजून घड आणत होते आणि तेजल पारड्यात बसून हुकूम सोडत होती, "अजून टाका, अजून टाका, मी लई जड हाये." बाया हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली की केवढीशी काडी झाली होती पोर, पाहा आता देवीने कशी भरवली. तराजू बरोबरीला आला तेव्हा ढोल वाजला. तिचं ते वजन त्या गाल फुगवणाऱ्या गोळ्यांचं होतं. हे तिथे फक्त आम्हा संस्थेच्या माणसांना माहीत होतं, आणि आम्ही पंगतीत बसून वरण-बट्टी खाल्ली. वर घोटलेलं वांगं, तुपाची धार, आणि घरी नेऊन पिकवायला देवीच्या पारड्यातली केळी, प्रसाद म्हणून. जेवण फार चांगलं होतं. तेही खरंच आहे.

पुढच्या फेरीला तेजल गाडीत आली नाही. घरात कार्य असेल, म्हटलं. त्याच्या पुढच्या फेरीलाही नाही. इस्पितळातून संस्थेला फोन आला की मुलगी तपासणीला का येत नाही. मी त्याच दिवशी बस पकडून दापोऱ्याला गेले.

तेजल अंगणात सायकल फिरवत होती. मला पाहून घंटी वाजवली. प्रल्हादभाऊंनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मी विचारलं, गोळ्या? ते ओशाळं हसले, गोळ्या बंद केल्या म्हणाले, आता काय गरज, नवस फिटला. मी समजवायला लागले. आजार दिसत नाही म्हणजे गेला असं नसतं, आत दडून असतो. मला वाटलं शेतकऱ्याला शेताचंच सांगावं, म्हणून म्हटलं की केळीचं झाड कापलं तरी बुडाशी मुनव्यांचे कोंब राहतातच ना, तसंच समजा. प्रल्हादभाऊ मनापासून हसले. "दीदी, मुनवे आमी ठेवतो. त्याच्यावरच तर पुढचा बाग उभा राहतो." कॉलेजातल्या वादविवादात मी कधी इतकी सपशेल हरले नव्हते.

आबा तोवर ओट्यावर येऊन बसले होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मी देवीले बोललो होतो, नात बरी कर, भारोभार केळी देतो. तिने बरी केली. मी दिली. आता रोज सकाळी पोरीले गोळी द्यायची म्हणजे देवीले रोज सांगायचं, का तुझा भरवसा नाही. घेतलेलं आमी कबूल केलं, चार गावांसमोर केलं. आता कोन्या तोंडाने फिरायचं?"

हा माणूस अडाणी नव्हता. रोज पेपर वाचायचा, बागेला ठिबक सगळ्यांत आधी त्याने आणलं होतं. आजारपणात एकही तपासणी त्याने चुकवू दिली नव्हती, नवस आणि सुई हातात हात घालून चालले होते. पण नवस फिटेपर्यंतच. फिटल्यावर औषध चालू ठेवणं म्हणजे देवीचा अपमान, हे त्याच्यासाठी दिवसासारखं उघड होतं. मी म्हटलं की देवीनेच डॉक्टरला बुद्धी दिली असं समजा. मी देव मानत नाही, तरी म्हटलं. ते मान हलवत राहिले. शेवटी माझा तोल गेला, आणि मी माझ्या घरच्या पट्टीत बोलले.

"आबा, गोळी बंद केली तर तेजल मरेल."

सायकल थांबली. आबा ओरडले नाहीत. नुसते उठले आणि मुलाला म्हणाले, यांना रस्त्यापर्यंत सोडून ये. आतून वहिनी आली, माझ्या हातातला अर्धा प्यालेला चहाचा कप घेतला आणि आत गेली. भरल्या घरात, दिवेलागणीच्या वेळी, पोरीच्या देखत तो शब्द मी काढला होता, आणि त्या दिवसापासून ते घर मला बंद झालं. पुष्कळांनी मला सांगितलं की बोलायची पद्धत असते. असेल. मी आजही तिथे तेच बोलेन. जो शब्द टाळला म्हणून आजार टळत नाही, तो शब्द टाळायचा कुणासाठी? बघा, पर्चा आलाच.

मी रमेशभाऊंकडे गेले आणि म्हटलं की ज्या माइकवरून बरी झाली म्हणून सांगितलं त्याच माइकवरून सांगा की अजून झालेली नाही. ते दुखावले. "बेटी, मंचावरून दिलेला आशीर्वाद कुणी परत घेतं का?" पण माणूस वाईट नव्हता, दापोऱ्याला जाऊन आले. तिथे त्यांना शाल आणि नारळ मिळाला, पुरणाचं जेवण मिळालं. परत येऊन म्हणाले, बोललोय मी, मोठी माणसं आहेत, ऐकतील. कधी ऐकतील ते त्यांनी विचारलं नव्हतं. घरी मी जेवणावर हे सगळं सांगितलं, मागे लूम वाजत होते. आई म्हणाली, "तू बोलली ते खरंच हाये. पण तू त्या बाईकडे पाहिलं का? तिच्या सासऱ्याशी भांडून आली, नवऱ्याशी भांडून आली. पोरगी तर तिची हाये." मी म्हटलं की ती काही बोलतच नाही. आई म्हणाली, मग जिथे बोलता येईल तिथे भेट.

मला शोधावं लागलं नाही. वहिनीनेच शेजारणीच्या मोबाइलवरून फोन केला, शाहपूरच्या बाजाराला या. बाजारात भाजीच्या ओळीमागे बांगड्यावाल्याचं पाल होतं, तिथे ती हात पुढे करून बसली होती आणि बांगड्यावाला तिच्या हातात हिरवा चुडा भरत होता. मी शेजारी बसून माझाही हात पुढे केला. ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

"गोळ्या मले आणून द्या. मी देते. कोणाले नाही सांगत."

मी विचारलं, आबांना कळलं तर?

"आबांना देवी हाये," ती म्हणाली. "मले ही एकच हाये."

मुलगाही होता तिला, तेजल ज्याची टोपी घालायची तो. तरी असं म्हणाली.

मी दुसऱ्याच दिवशी एकटी इंदूरला गेले. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. रक्त तपासल्याशिवाय ही गोळी देता येत नाही, पेशी खाली गेल्या असल्या तर औषधानेच जीव जाईल, वजन बघून मात्रा बदलावी लागते. "मैं गोली किसे दे रहा हूँ? बच्ची कहाँ है?" मी कॉरिडॉरमध्ये कॉलेजच्या फाटकावरच्या सभेसारखी बोलत राहिले. बाई पोरीला घेऊन घराबाहेर पडू शकत नाही हे सांगितलं. तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत म्हणून हे झालं, तेही सांगितलं. तो माणूस दमलेला होता, त्याच्या दाराशी अर्धा निमाड आणि अर्धा खानदेश बसलेला होता. त्याने थोड्याच दिवसांच्या गोळ्या दिल्या, कमी मात्रेच्या, या अटीवर की बुरहानपुरात रक्त तपासून घ्यायचं आणि मग मुलगी इथे आलीच पाहिजे. मी हो म्हटलं. ते हो कुठून पुरं करणार होते ते मला माहीत नव्हतं, पण गोळ्या पिशवीत होत्या, आणि परतीच्या बसमध्ये कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

पुढच्या बाजाराला मी गोळ्या वहिनीला दिल्या, रक्ततपासणीचंही सांगितलं, आणि ती गोळी गुळाच्या खड्यात दाबून द्यायला लागली. दोन-चार दिवस गेले. पण वर्षभर ज्या जिभेने त्या गोळ्या गिळल्या ती जीभ फसणार होती का? तेजल म्हणाली, आई, ही तर जुनी गोळी हाये. वहिनीने तिला शपथ घातली. पोरीने काही दिवस शपथ पाळली, गुपचूप घेतल्या. पण तिला ते लागून राहिलं. आपण मंचावर बसलो, आपण पारड्यात बसलो, गावाने आपल्यासाठी ढोल वाजवला, देवीने आपल्याला बरं केलं. मग आता चोरून गोळी खायची म्हणजे देवीला काय वाटेल? चुगली म्हणून नाही, काळजी म्हणून तिने एक दिवस जेवताना आबांना विचारलं. आबा रागावले नाहीत म्हणे. सगळ्यांना घेऊन देवीवर गेले, नारळ फोडला, सुनेला पारावर नाक घासून माफी मागायला लावली आणि उरलेल्या गोळ्या तापीत सोडल्या. वहिनीने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. शेवटी म्हणाली, आता नका येऊ शाहपूरले.

मी पोलिसांत जायचं म्हटलं, कलेक्टरकडे जायचं म्हटलं, सरपंचाकडे तर गेलेही. सरपंच म्हणाले, बापाची पोर, आज्याची पोर, आम्ही कोण? आणि पोर तर सायकल चालवतेय. खरंच चालवत होती. लोकांना दिसत होतं ते सायकल चालवणारी पोर, आणि मी सांगत होते ते कुणालाच न दिसणारं. माझ्या आयुष्यात मी जेवढे पर्चे लिहिले त्यांत निदान फुटलेला नळ तरी दाखवता यायचा.

केळीला घड लागायच्या दिवसांत तिचे पाय दुखायला लागले. मग डोकं, मग उलट्या, मग एक डोळा तिरका. या वेळी त्यांनी वेगळी गाडी करून तिला इंदूरला नेलं. मी त्या दिवशी बाकीच्या मुलांना घेऊन इंदूरला आलेले होते आणि ती मला बाकावर दिसली, आईच्या मांडीवर डोकं टेकलेलं. गाल उतरले होते. प्रल्हादभाऊ आत डॉक्टरांपाशी होते. तेजलने मला ओळखलं, एका डोळ्याने. "दीदी, खिडकीची जागा कोणाले दिली?" मी म्हटलं, कुणालाच नाही, तशीच आहे. तिथे आता नेपानगरचा एक मुलगा बसायचा. तिने मान हलवली, नियमाप्रमाणे आहे असं.

आजार मेंदूपर्यंत गेला होता. मुंबईला नेऊन पुन्हा पहिल्यापासून इलाज करता येईल, पण आशा फार धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वेळी बसवून सांगितलं, पाणी देऊन, सावकाश. प्रल्हादभाऊंनी एकच विचारलं, घरी नेली तर दुखेल का? दुखणं थांबवायचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं. ते त्यांनी नियमाने दिलं, शेवटपर्यंत.

ती गेली तेव्हा मला कुणी कळवलं नाही. ड्रायव्हरकाकांना कुणीतरी सांगितलं होतं, त्यांनी मला सांगितलं, खंडव्याला चहा पिताना. गावात एवढंच बोललं जात होतं की नवस फिटल्यावर आईने चोरून गोळ्या दिल्या, देवीचा कोप झाला, आणि ती बुरहानपूरची बाई तोंडातून काय काय बोलून गेली होती. माझं नाव निघालं याचं मला काही वाटलं नाही. मी तोंडाळच आहे. पण त्या बाईचं नाव देवीच्या कोपात आलं, हे मात्र माझ्या घशाखाली उतरेना.

दिवस होऊन गेल्यावर मी दापोऱ्याला गेले. मला कुणी अडवलं नाही. आबा ओट्यावर होते, अंगाने निम्मे झालेले. त्यांनी मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. मी सरळ आत गेले. वहिनी सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. बसा म्हणाली, पाणी दिलं. मी ठरवून आले होते की तिला सगळं समजावून सांगायचं. की देवीचा कोप वगैरे काही नसतं. की तिने दिलेल्या गोळ्यांनी काहीही वाईट झालं नाही, उलट या घरात एकटी तीच बरोबर होती. हे सगळं मी बसमध्ये जुळवून आणलं होतं, शेवटच्या वाक्यासकट. पण तिने मला सुरुवातच करू दिली नाही. सूप खाली ठेवलं.

"दीदी, एक विचारते. तुमी खरं बोलता, म्हणून तुमालेच विचारते. घरात सारे म्हणतात, मी गोळ्या दिल्या म्हणून झालं. तुमी सांगा. दिल्या म्हणून झालं, का सोडल्या म्हणून?"

मी तोंड उघडलं. दिल्या म्हणून नाही, हे मला लगेच म्हणता आलं असतं, ते शंभर टक्के खरं होतं. पण मग दुसरं उरत होतं. पारावर नाक घासून घरी आल्यावर, गोळ्या तापीत गेल्यावर, ही पुन्हा बाजाराला आली नव्हती. पुन्हा फोन केला नव्हता. नका येऊ म्हणाली होती. सासऱ्याने, नवऱ्याने, संस्थेने, डॉक्टरने, माइकने काय केलं ते मी तिला तासभर सांगू शकले असते. पण तिने त्यांच्याबद्दल विचारलंच नव्हतं. तिने स्वतःबद्दल विचारलं होतं आणि दोनच वाटा ठेवल्या होत्या, आणि दोन्ही तिच्याच दारात जात होत्या. बाहेर कुणीतरी मोटर चालू केली, बागेला पाणी सुटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी जन्मात कधी एवढा वेळ गप्प बसले नव्हते.

"बरं," ती म्हणाली, आणि सूप पुढे ओढलं.